नऊ न्यायमूर्ती आणि नव्व्याण्णव माणसं

२०१५ साली २२ मे रोजी आयर्लंडच्या जनतेने समलिंगी विवाहाला मतपेटीतून मान्यता दिली. बाजूने ६२ टक्के. जनतेच्या थेट मताने असा निर्णय घेणारा तो जगातला पहिला देश. पाच आठवड्यांनी, २६ जूनला, अमेरिकेतही तोच हक्क आला, पण तो सर्वोच्च न्यायालयाच्या निकालातून. पाच विरुद्ध चार. दोन्हीकडे रस्त्यावर सारखाच जल्लोष झाला आणि जगाने दोन्ही बातम्या एकाच रकान्यात छापल्या.

सातच वर्षांत फरक दिसला. २०२२ मध्ये अमेरिकेचे न्यायमूर्ती क्लॅरेन्स थॉमस यांनी एका निकालपत्राला जोडलेल्या स्वतंत्र मतात लिहिलं की, विवाहाच्या त्या निकालाचाही फेरविचार व्हायला हवा. लगेच धावपळ सुरू झाली आणि डिसेंबरमध्ये काँग्रेसला घाईघाईने त्या लग्नांना संरक्षण देणारा कायदा करावा लागला. डब्लिनमध्ये अशी धावपळ कुणाला करावी लागली नाही. तिथल्या जोडप्यांचं लग्न एका मताच्या फरकावर लटकलेलं नाही.

आयर्लंडच्या त्या सार्वमताच्या चार महिने आधी तिथल्या आरोग्यमंत्र्याने रेडिओवरच्या मुलाखतीत आपण समलिंगी असल्याचं सांगितलं होतं. त्याचं नाव लिओ वराडकर. वडील डॉ. अशोक वराडकर मूळचे मालवण तालुक्यातल्या वराडचे. पुढे हा मुलगा पंतप्रधान झाला आणि २०१९ च्या डिसेंबरात वराडला येऊनही गेला. तेव्हा सिंधुदुर्गात 'आपला माणूस' म्हणून कौतुकाचा पूर आला. त्या कौतुकाच्या भरात या माणसाच्या देशाने काय केलं, कसं केलं, हे विचारायचं मात्र राहून गेलं. ते आज विचारू.

नागरी हक्क म्हटलं की आपल्याला अमेरिका आठवते. हक्कांची सनद आठवते, मोठमोठे खटले आठवतात, काळे झगे आठवतात. या पूजेने आपलं नुकसान केलं आहे असं माझं स्पष्ट मत आहे. हक्क म्हणजे हुशार वकिलाने शहाण्या न्यायाधीशाकडून मिळवायची गोष्ट, अशी आपली समजूत होऊन बसली आहे. शेजाऱ्याशी, सासूशी, गावाशी त्याबद्दल बोलायचं असतं हे आपण विसरलो.

गर्भपाताच्या हक्काची गोष्ट बघा. जानेवारी १९७३ मध्ये 'रो विरुद्ध वेड' खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी हा हक्क घटनेत आहे असं सांगितलं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये आयर्लंडच्या सर्वोच्च न्यायालयातही एक निकाल लागला, मॅगी खटल्याचा. चार मुलांची आई, आणखी एक बाळंतपण जिवावर बेतेल असं डॉक्टरांनी बजावलेलं. तिने इंग्लंडहून संततिनियमनाचं जेल मागवलं आणि कस्टमवाल्यांनी ते पाकीट जप्त केलं. नवरा-बायकोच्या शेजघरात कस्टमचं काय काम, असं ठरवून न्यायालयाने ती बंदी रद्द केली.

निकाल उत्तमच होता. पण तिथल्या कर्मठ कॅथलिक मंडळींनी वेगळंच गणित मांडलं. अमेरिकेच्या न्यायालयाने १९६५ मध्ये संततिनियमनाला खासगीपणाचा हक्क म्हणून मान्यता दिली होती आणि आठ वर्षांत तिथे रोचा निकाल आला होता. म्हणजे आज मॅगी, उद्या आपल्याकडेही रो. न्यायमूर्तींच्या हातून हा हक्क यायच्या आतच दाराला कुलूप घालायचं त्यांनी ठरवलं. १९८१ मध्ये मोहीम उभी राहिली, १९८३ मध्ये सार्वमत झालं आणि आठवी घटनादुरुस्ती ६७ टक्के मतांनी मंजूर झाली. आईचा जीव आणि गर्भाचा जीव, दोघांना जगण्याचा समान हक्क. अमेरिकेतल्या एका निकालाची धास्ती आयर्लंडच्या बायकांना पस्तीस वर्षं भोवली.

मतपेटीचं सरसकट गुणगान करणाऱ्यांनी इथे थांबावं. हे कुलूप घातलं ते जनतेनेच.

१९९२ मध्ये त्या कुलपात एक चौदा वर्षांची मुलगी अडकली. बलात्कारातून गरोदर राहिलेली. आईवडील तिला इंग्लंडला घेऊन गेले आणि गर्भाची डीएनए तपासणी आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालेल का, असं त्यांनी पोलिसांना सरळ मनाने विचारलं. महाधिवक्त्यांनी न्यायालयाकडून मनाईहुकूम आणला आणि कुटुंबाला परत यावं लागलं. ती जीव देईल ही भीती खरी आहे, हे पटल्यावर सर्वोच्च न्यायालयाने तो हुकूम उठवला. देश हादरला. पण हादरूनही काय केलं? त्याच वर्षीच्या सार्वमतात परदेशी जायची मुभा दिली. पाप इंग्लंडात करा, हात आमचे स्वच्छ. २०१६ सालीसुद्धा इंग्लंड-वेल्समध्ये गर्भपात करून घेताना आयर्लंडचा पत्ता देणाऱ्या बायका ३,२६५ होत्या. रोजच्या नऊ. तिकिटाचे पैसे असणाऱ्या, व्हिसाची अडचण नसणाऱ्या.

आणि मग सविता. सविता हलप्पनवार, वय ३१, दंतवैद्य, बेळगावात वाढलेली. २१ ऑक्टोबर २०१२ ला गॉलवेच्या विद्यापीठ रुग्णालयात दाखल झाली. सतरा आठवड्यांची गरोदर. गर्भ वाचणार नाही हे डॉक्टरांनीच सांगितलं होतं. मग मोकळं करा, असं तिने म्हटलं. उत्तर मिळालं की गर्भाचे ठोके चालू आहेत, तोवर कायद्याने हात लावता येत नाही. हा कॅथलिक देश आहे, असं एका परिचारिकेने तिला ऐकवलं, आणि पुढे चौकशीत तसं बोलल्याचं कबूलही केलं. ठोके २४ तारखेला थांबले. तोपर्यंत जंतुसंसर्ग रक्तात भिनला होता. २८ तारखेला सविता गेली.

त्या चौकशीत डॉ. पीटर बॉयलन या ज्येष्ठ प्रसूतितज्ज्ञांनी दिलेली साक्ष मी पुन्हा पुन्हा वाचली आहे. सोमवारी किंवा मंगळवारी गर्भपात केला असता तर सविता बहुतेक वाचली असती, असं ते म्हणाले. पण सोमवारी-मंगळवारी ती पुरेशी आजारी नव्हती, म्हणून कायदा आड येत होता. बुधवारी कायदा आड येईना, कारण ती मरणाच्या दारात पोचली होती आणि तेव्हा उशीर झाला होता. बाई वाचवता येईल तोवर वाचवायची परवानगी नाही, आणि परवानगी मिळते तेव्हा बाई हाती लागत नाही. रुग्णालयाच्या हलगर्जीपणाच्याही चुका होत्याच, सरकारी तपासात अशा तेरा हुकलेल्या संधी मोजल्या गेल्या. पण चुकीला पांघरूण घालणारं कलम घटनेत होतं.

आता हेही जोडून वाचा. सविता त्या दिवशी बेळगावात माहेरी असती, तर हा प्रश्न कायद्याने सुटलेला होता. आपल्याकडे वैद्यकीय गर्भपाताचा कायदा १९७१ साली झाला. ज्या समितीच्या अहवालावरून तो झाला तिचे अध्यक्ष शांतिलाल शहा, महाराष्ट्राचे आरोग्यमंत्री. सतराव्या आठवड्यात दोन डॉक्टरांचं मत पुरे होतं, आणि जीव धोक्यात असेल तर एकाचंही. प्रगत युरोपात नोकरी-संसार थाटायला गेलेली मुलगी बेळगावच्या दवाखान्यात मिळणाऱ्या उपचाराअभावी गेली.

आयर्लंडचं मोठेपण यानंतर सुरू होतं, म्हणून मी आज हा विषय घेतला आहे.

२०१६ मध्ये तिथे नागरिकांची सभा बसवली. नव्व्याण्णव माणसं आणि अध्यक्षपदी सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती मेरी लाफॉय. ही माणसं निवडणुकीतून आली नव्हती, पक्षांनी पाठवली नव्हती. मतदारांमधून वय, लिंग, प्रांत, सामाजिक थर यांचं प्रमाण राखून, दारोदार जाऊन उचललेली साधी माणसं. डब्लिनजवळ मॅलाहाइडच्या एका हॉटेलात शनिवार-रविवार ती जमत. गोल टेबलं, प्रत्येक टेबलावर बोलणं सांभाळणारा एक जण. डॉक्टर आले, वकील आले, नीतिशास्त्राचे अभ्यासक आले, दोन्ही बाजूंच्या संघटना आल्या. ज्या बायका या सगळ्यातून गेल्या होत्या त्यांचे आवाज ध्वनिमुद्रित करून ऐकवले. लोकांनी पाठवलेली निवेदनं तेरा हजारांवर. भाषणं थेट प्रक्षेपित होत होती, सारा देश बघत होता. या कामाचे सभासदांना पैसे मिळत नव्हते.

पाच शनिवार-रविवार खर्ची घातल्यावर मत घेतलं. ८७ टक्के म्हणाले, हे कलम आहे तसं ठेवता येणार नाही. ६४ टक्के म्हणाले, कारण न विचारता गर्भपाताची मुभा असावी. पुढाऱ्यांचे डोळे पांढरे झाले. लोक इतके पुढे गेलेत याचा एकाही पक्षाला पत्ता नव्हता. अभ्यास करायला वेळ दिला, समोरासमोर बसवलं आणि ओरडणारा पुढारी बाजूला ठेवला, की सामान्य माणूस काय करू शकतो ते तिथे दिसलं.

२५ मे २०१८ ला सार्वमत झालं. आयर्लंडमध्ये परदेशी राहणाऱ्याला टपालाने मत देता येत नाही, म्हणून हजारो पोरंपोरी स्वखर्चाने विमानं, बोटी पकडून मत द्यायला घरी आली. कुणी लंडनहून, कुणी थेट लॉस एंजेलिसहून. बेळगावहून सविताच्या आईवडिलांनी आयर्लंडच्या मतदारांना बाजूने मत देण्याची विनंती केली. डब्लिनच्या एका भिंतीवर सविताचा चेहरा रंगवला होता, तिथे लोक मत देऊन येत आणि चिठ्ठ्या चिकटवून जात. निकाल: कलम काढून टाकण्याच्या बाजूने ६६.४ टक्के. १९८३ मध्ये ज्या दोन-तृतीयांशांनी कुलूप घातलं होतं, तेवढ्याच दोन-तृतीयांशांनी ते काढलं. अख्ख्या देशात एकट्या डोनेगलने विरोधात कौल दिला. घटनेची किंवा न्यायालयाची कारागिरी यात नव्हती. लोकांनी आपलं मत बदललं होतं.

अमेरिकेत या पस्तीस वर्षांत काय झालं? हक्क मिळाला होता, तो न्यायालयाच्या कपाटात ठेवून पुरोगामी मंडळी निश्चिंत झाली. विरोधक मात्र एकेक न्यायमूर्ती मोजत बसले. दर राष्ट्राध्यक्ष-निवडणूक म्हणजे न्यायालयातल्या रिकाम्या खुर्चीची निवडणूक झाली. रूथ बेडर गिन्सबर्ग या स्त्री-हक्कांसाठी आयुष्यभर लढलेल्या बाई. सर्वोच्च न्यायालयात जाण्याच्याही आधीपासून त्या सांगत होत्या की रोचा निकाल एका फटक्यात फार लांब गेला आणि राज्याराज्यांत चाललेली लोकांची चळवळ त्याने थांबवली. कुणी ऐकलं नाही. घटना बदलून हक्क पक्का करावा, तर तीही वाट बुजलेली. दोन्ही सभागृहांत दोन-तृतीयांश आणि ५० पैकी ३८ राज्यं लागतात. शेवटची दुरुस्ती १९९२ मध्ये मंजूर झाली, तीही १७८९ मध्ये मांडलेली! जिथे जनतेला घटनेला हात लावता येत नाही, तिथे नऊ माणसांच्या प्रकृतीवर देशाचं लक्ष लागून राहतं.

२४ जून २०२२ ला डॉब्स खटल्याच्या निकालाने रो पुसून टाकला. त्याआधीच, सप्टेंबर २०२१ मध्ये, गर्भाचे ठोके लागल्यावर गर्भपातावर बंदी घालणारा टेक्सासचा कायदा सर्वोच्च न्यायालयाने रोखला नव्हता. त्याच आठवड्यात ह्यूस्टनच्या रुग्णालयात एक २८ वर्षांची बाई दाखल झाली. सतरा आठवड्यांची गरोदर, गर्भपात अटळ. ठोके थांबेपर्यंत तिला चाळीस तास वाट पाहायला लावलं. काही दिवसांत ती जंतुसंसर्गाने गेली. सतरा आठवडे, तेच ठोके, तेच थांबणं. गॉलवेने जगाला दाखवलेलं मढं पाहूनही टेक्सासने तोच कायदा लिहिला, याचा मला जितका संताप येतो तितका दुसऱ्या कशाचाच येत नाही.

आता अमेरिकेतही लोक शहाणे होत आहेत. डॉब्सनंतर सहा आठवड्यांत कॅन्ससमध्ये, पक्क्या रिपब्लिकन राज्यात, ५९ टक्के मतदारांनी हक्क काढून घेणारी दुरुस्ती फेटाळली. पुढच्या वर्षी ओहायोने हक्क राज्यघटनेत लिहून घेतला. दारोदार जाऊन, चर्चबाहेर उभं राहून, शेजाऱ्यांशी बोलून. जे पन्नास वर्षं टाळलं ते आता करावं लागतं आहे.

तरीही मतपेटीच्या हाती सगळं सोपवा असं मी म्हणणार नाही. आयर्लंडच्या अंगावर २००४ चा डाग आहे. तोवर त्या बेटावर जन्मलेलं प्रत्येक मूल नागरिक होत असे. परदेशी बायका नागरिकत्वासाठी बाळंतपणाला येतात अशी हाकाटी झाली आणि युरोपीय निवडणुकीच्या दिवशीच सार्वमत उरकून ७९ टक्क्यांनी तो हक्क काढून टाकला. नागरिकांची सभा नाही, गोल टेबल नाही, काही नाही. ज्यांचा हक्क जात होता त्यांना मतच नव्हतं. आज डब्लिनमध्ये नोकरी करणाऱ्या मराठी जोडप्याला मूल झालं, तर आधीच्या चार वर्षांतली तीन वर्षं तिथे रीतसर राहिल्याचा हिशोब दाखवावा लागतो. या एका बाबतीत अमेरिकेचे न्यायाधीश उजवे ठरले. सॅन फ्रान्सिस्कोत जन्मलेल्या वाँग किम आर्क या चिनी स्वयंपाक्याला १८९५ मध्ये बंदरावर उतरू दिलं नाही, महिनोन् महिने जहाजांवर अडकवून ठेवलं. १८९८ मध्ये न्यायालयाने चौदाव्या दुरुस्तीवर बोट ठेवून सांगितलं, इथे जन्मला तो इथला. तेव्हा अमेरिकेत सार्वमत घेतलं असतं तर चिन्यांचं काय झालं असतं हे सांगायला ज्योतिषी नको. २०२५ च्या जानेवारीत ट्रम्प यांनी तात्पुरत्या व्हिसावरच्या आईबापांच्या मुलांचं जन्मसिद्ध नागरिकत्व एका आदेशाने काढायला घेतलं, तेव्हा न्यू जर्सीतल्या कितीतरी मराठी घरांचा जीव टांगणीला लागला. तो आदेश न्यायाधीशांनीच अडवला.

म्हणजे ज्याला मत नाही त्याला न्यायालयच लागतं. पण ज्यांना मत आहे त्यांनी न्यायालयावर ओझं टाकून झोपी जाऊ नये. आणि मत घ्यायचं तर आधी बोलणं हवं. २०२४ च्या महिलादिनी आयर्लंडच्या सरकारने बाईच्या घरकामाविषयीचं घटनेतलं जुनं कलम बदलायला सार्वमत घेतलं. नागरिकांच्या सभेने सुचवलेली भक्कम शब्दयोजना सरकारने पातळ केली आणि लोकांना गृहीत धरलं. ७४ टक्के लोकांनी ते तोंडावर फेकलं. पंतप्रधान तेव्हा वराडकरच होते.

आपली घटना लिहिताना घटना समितीचे सल्लागार बी. एन. राव दोन्ही देशांत जाऊन आले. मूलभूत हक्क लिहिताना अमेरिका डोळ्यांपुढे होती, मार्गदर्शक तत्त्वं आयर्लंडच्या १९३७ च्या घटनेवरून आली. सार्वमत मात्र आपण घेतलं नाही, आणि त्या काळच्या देशात ते कदाचित बरोबरही असेल. पण त्याबरोबर बोलणंही सुटलं. गर्भपाताचा कायदा आपल्याला १९७१ मध्ये मिळाला तो लोकसंख्येच्या चिंतेतून आणि डॉक्टरांच्या सोयीने. आजही तो बाईचा हक्क नाही. नव्या न्यायसंहितेच्या ८८ व्या कलमाखाली गर्भपात हा गुन्हाच आहे, अगदी बाईने स्वतः केला तरी, आणि १९७१ चा कायदा त्याला फक्त अपवाद. नोंदणीकृत डॉक्टरचं मत अनुकूल असेल तर. बाईला काय वाटतं याला कलमात स्वतंत्र जागा नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये न्यायमूर्ती चंद्रचूड यांच्या खंडपीठाने अविवाहित मुलींनाही चोवीस आठवड्यांपर्यंतचं दार उघडलं. टाळ्या झाल्या, अग्रलेख झाले. किती घरांत त्यावर बोलणं झालं?

आणि आपल्याला हे जमणार नाही असं कुणी सांगू नये. याच महाराष्ट्रात गावोगावच्या बायकांनी आडव्या बाटलीला मतं देऊन दारूची दुकानं बंद पाडली आहेत. एकूण मतदारांपैकी निम्म्याहून जास्त मतं लागतात, मजुरी बुडवून त्या रांगेत उभ्या राहिल्या. गडचिरोलीत मेंढा-लेखाच्या लोकांनी आधी अभ्यासगटात बसून विषय उलगडायचा, मग सर्वांच्या सहमतीने ठरवायचं, ही पद्धत मॅलाहाइडच्या कितीतरी आधी चालवली. महिला ग्रामसभा तर आपल्या कायद्यातच आहे. बहुतेक ठिकाणी ती सह्या घेऊन पाच मिनिटांत आटोपतात.

पुढच्या महिला ग्रामसभेत सह्यांचं रजिस्टर बाजूला ठेवा आणि गावच्या आरोग्यसेविकेला, एखाद्या डॉक्टरला, एखाद्या वकिलाला बोलवा. ८८ वं कलम मराठीतून मोठ्याने वाचा. आणि बायकांना विचारा, हे असंच ठेवायचं का?